होळकरांची काळी-केशरी ड्युसेनबर्ग : इंदूरच्या यशवंतरावांची गोष्ट

स्वारगेटला स्वारगेट का म्हणतात, याचं उत्तर जुने पुणेकर एका दमात देतात. शहराच्या दक्षिण वेशीवर घोडेस्वारांची चौकी होती, म्हणून ते स्वारगेट. आता तिथं एसटी आहे, पीएमपी आहे, जमिनीखाली मेट्रो आहे आणि वर न संपणारं ट्रॅफिक आहे. याच स्टँडवरून जेजुरी-नीरेच्या बाजूला एसटी जाते. त्या वाटेनं नीरा नदीच्या काठाला गेलं की होळ नावाचं गाव आहे. या गावावरून एका धनगर घराण्याला आडनाव मिळालं, होळकर.

या घराण्यातले मल्हारराव घोड्यावर बसून उत्तरेत गेले आणि त्यांनी माळवा ताब्यात घेतला. त्यांच्या सून अहिल्याबाई. हा इतिहास महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ असतो. पण इंदूरच्या गादीवर बसलेल्या शेवटच्या सत्ताधारी होळकराबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. घोडेस्वारांच्या या घराण्यात जन्मलेल्या त्या माणसाच्या दारात एकाच यंत्रात 320 घोड्यांची ताकद असणारी मोटार होती. मोटारींच्या दुनियेत ती आजही इंदूरच्या महाराजांच्या नावानंच ओळखली जाते.

हे होते महाराजा यशवंतराव होळकर दुसरे.

त्यांचा जन्म 6 सप्टेंबर 1908 चा. वडील तुकोजीराव तिसरे. शिक्षण इंग्लंडमध्ये, आधी चीम आणि चार्टरहाऊस या शाळा, मग ऑक्सफर्डचं ख्राइस्ट चर्च कॉलेज. 1924 साली, म्हणजे वयाची सोळा वर्षं होण्याच्या सुमारास, त्यांचं लग्न कोल्हापूरजवळच्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या संयोगिताराजेंशी झालं. इथपर्यंत सगळं एखाद्या संस्थानिकाच्या मुलाचं होतं तसंच.

घोळ झाला तो 12 जानेवारी 1925 च्या संध्याकाळी. मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला नावाचा श्रीमंत व्यापारी मोटारीतून चालला होता. त्याच्यासोबत मुमताज बेगम होती. ती आधी तुकोजीरावांच्या दरबारात नर्तकी होती आणि तिथून निसटून आली होती. दुसऱ्या एका मोटारीतून आलेल्या टोळीनं त्यांना अडवलं. बावला मारला गेला, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. नेमके तेव्हाच गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी तिथं पोहोचले आणि मुमताज वाचली. पकडलेल्यांचे धागे थेट इंदूरला जाऊन भिडले. देशभर गाजलेल्या या खटल्यात तुकोजीरावांवर स्वतः गुन्हा सिद्ध झाला नाही, पण इंग्रज सरकारनं त्यांच्यापुढे चौकशी किंवा गादी असा पर्याय ठेवला. त्यांनी गादी सोडली. 26 फेब्रुवारी 1926 ला सतरा वर्षांचे यशवंतराव महाराज झाले.

(तुकोजीरावांनी पुढं 1928 मध्ये नॅन्सी अॅन मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. त्यासाठी तिनं हिंदू धर्म स्वीकारला आणि ती शर्मिष्ठादेवी झाली. तेव्हाच्या मराठी वर्तमानपत्रांना या लग्नानं भरपूर खाद्य पुरवलं, पण तो वेगळा विषय.)

वडिलांची बदनामी डोक्यावर घेऊन गादीवर बसलेल्या मुलाकडे कारभाराचे पूर्ण अधिकार आले ते 1930 च्या मे महिन्यात. मधल्या काळात तो युरोपात होता, आणि युरोपात त्याला राजवाड्यांपेक्षा कारखान्यांतून निघणाऱ्या नव्या गोष्टींची ओढ लागली. स्टीलच्या नळ्यांच्या खुर्च्या, सपाट भिंती, विजेचे दिवे, विमानं, मोटारी. बाकीचे संस्थानिक झुंबरं आणि सोन्याचं सिंहासन घेत असताना यशवंतरावांनी एकार्ट मुथेसियस या जवळपास आपल्याच वयाच्या जर्मन आर्किटेक्टला इंदूरला बोलावलं. त्यानं 1930 ते 1933 या काळात माणिकबाग पॅलेस उभा केला. बाहेरून साधा, आतून मात्र त्या काळातल्या जगातल्या सगळ्यात आधुनिक घरांपैकी एक. दारं-खिडक्यांपासून दिव्यांपर्यंत कितीतरी सामान जर्मनीतून जहाजानं आलं. माळव्याच्या उन्हाळ्यात घर थंड ठेवणारी यंत्रणाही त्यात होती. खुर्च्या आयलीन ग्रे आणि रुलमन यांच्यासारख्यांच्या, दिवाणखान्याबाहेर ब्रँकुशीची शिल्पं. राजाराणीचे फोटो पॅरिसमध्ये मॅन रेनं काढले, चित्रं बर्नार्ड बुते द मोन्वेलनं रंगवली. एका चित्रात यशवंतराव पाश्चात्त्य कोटात आहेत, दुसऱ्यात मराठी पोशाखात, गळ्यात इंदूर पेअर्स नावाचे दोन पेरूएवढे नाही तरी पेअरच्या आकाराचे, प्रत्येकी साधारण 47 कॅरेटचे हिरे.

आता मोटारीकडे येऊ.

त्या काळात महागडी मोटार विकत घेणं म्हणजे शोरूममध्ये जाऊन चावी घेणं नव्हतं. कंपनी फक्त चासी द्यायची, म्हणजे सांगाडा, इंजिन, चाकं आणि बॉनेट. त्यावरची बॉडी गिऱ्हाइकानं स्वतःच्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यायची. आज आपण नवा ट्रक घेतो आणि बॉडी बांधायला वेगळीकडे टाकतो, अगदी तसंच. फरक एवढाच की इथं बॉडी बांधणारे लंडन-पॅरिसचे आणि काम शिंप्यानं सूट शिवावा तसं मापाचं.

यशवंतरावांनी चासी निवडली अमेरिकेच्या ड्युसेनबर्ग कंपनीची. फ्रेड आणि ऑगस्ट हे ड्युसेनबर्ग बंधू जर्मनीत जन्मलेले, लहानपणी अमेरिकेतल्या आयोवात आलेले. फ्रेडची सुरुवात सायकली बनवण्यापासून झाली. पुढं त्यांच्या रेसच्या गाड्यांनी 1921 ची फ्रेंच ग्रां प्री जिंकली आणि इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यत 1924, 1925 आणि 1927 अशी तीनदा मारली. 1928 च्या डिसेंबरमध्ये त्यांनी मॉडेल जे आणलं. 6.9 लिटरचं, एका ओळीत आठ सिलिंडर असलेलं इंजिन, वर दोन कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. आज आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकच्या जाहिरातीत चार व्हॉल्व्ह कौतुकानं सांगितले जातात, हे लोक ते 1928 मध्ये रस्त्यावरच्या गाडीला देत होते. ताकद 265 हॉर्सपॉवर. त्या वेळच्या अमेरिकेतल्या बहुतेक गाड्या याच्या निम्म्यातही यायच्या नाहीत.

पण वेगाच्या नादिष्टांना पुरतं कुठं? म्हणून 1932 मध्ये त्याच गाडीचं चढं रूप आलं, एसजे. यातला एस म्हणजे सुपरचार्जर.

सुपरचार्जर म्हणजे काय, ते सोप्या भाषेत असं. इंजिनात पेट्रोल जळायला हवा लागते. साधं इंजिन पिस्टन खाली येताना जेवढी हवा ओढेल तेवढीच घेतं. सुपरचार्जर हा एक पंखा असतो, इंजिनच्याच जोरावर फिरणारा, आणि तो जास्तीची हवा दाबून आत ढकलतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून धक्का जास्त. लोहाराचा भाता आठवा. ड्युसेनबर्गचा हा पंखा इंजिनच्या सहापट वेगानं फिरायचा आणि त्यानं ताकद 320 हॉर्सपॉवरवर नेली. या पंख्याला जागा करून देताना एक्झॉस्टच्या जाड, चकाकत्या नळ्या बॉनेटच्या बाजूनं बाहेर काढाव्या लागल्या. पुढं त्या नळ्याच एसजेची ओळख झाल्या, आणि लोक सुपरचार्जर नसलेल्या गाड्यांनाही नुसत्या शोभेला त्या लावून घेऊ लागले!

हे चढवणं फुकट नव्हतं. दाबलेली हवा तापते. तापलेल्या हवेत त्या काळातलं हलकं पेट्रोल वेळेआधीच भडकतं, इंजिन ठोके देतं आणि पिस्टनचं आयुष्य संपतं. म्हणून एसजेमध्ये आतले कनेक्टिंग रॉडही मजबूत करावे लागले, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलाव्या लागल्या. गाडीत एक गोष्ट वाढवली की तिच्यामागच्या दहा गोष्टी बदलाव्या लागतात, हे आज बुलेटला मोठा कार्ब्युरेटर लावून घेणाऱ्या पोरांनाही मेकॅनिक सांगत असतो. खुद्द फ्रेड ड्युसेनबर्ग 1932 च्या जुलैमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात अशीच सुपरचार्जरची गाडी चालवताना अपघातात सापडला आणि त्यातच गेला. एसजे बनल्या जेमतेम तीन डझन. जे आणि एसजे मिळून सगळ्या 500 च्याही आत.

यशवंतरावांची एसजे, इंजिन क्रमांक जे-585, बॉडीसाठी लंडनच्या जे. गर्नी नटिंग यांच्याकडे गेली. तिथले डिझायनर ए. एफ. मॅक्नील. ड्युसेनबर्गची चासी दोन मापांत मिळायची, 142.5 इंची आणि 153.5 इंची. लांब माप हे मागं चार-पाच पाहुणे बसवणाऱ्या लिमोझिनसाठी असायचं. महाराजांनी लांबच माप घेतलं आणि त्यावर दोघांपुरती उघडी स्पीडस्टर बांधून घेतली. बॉनेट संपता संपत नाही, मग जेमतेम दोन माणसांची जागा, आणि मग पुन्हा निमुळती होत जाणारी लांबलचक शेपटी. रंग काळा आणि केशरी. व्यवहाराच्या दृष्टीनं एवढी मोठी गाडी दोघांसाठी म्हणजे उधळपट्टीचा कळस. दिसायला मात्र अशी की भलेभले अभ्यासक तिला सगळ्या ड्युसेनबर्गमध्ये वरच्या रांगेत बसवतात. त्याच सुमारास कंपनीनं याच्या अगदी उलट प्रयोग केला होता. गॅरी कूपर आणि क्लार्क गेबल या हॉलिवूडच्या दोन नटांसाठी 125 इंची आखूड चासीवर दोनच गाड्या बनवल्या. त्यातली कूपरची गाडी 2018 मध्ये 2 कोटी 20 लाख डॉलरला विकली गेली. ड्युसेनबर्गच्या किमतीची ही आजची पातळी.

नवी असताना नुसत्या चासीची किंमत 9500 डॉलरपर्यंत गेली होती. बॉडीचे पैसे वेगळे. तेव्हा फोर्डची साधी नवी गाडी 500 डॉलरच्या आसपास मिळायची. इथं एक तारीख बाजूला ठेवून बघण्यासारखी आहे. 1935 च्या एप्रिलमध्ये महात्मा गांधी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरातच होते, खादी आणि चरख्याची भाषा बोलत. त्याच शहरात कापडगिरण्यांचे हजारो कामगार होते. आणि त्याच काळात त्यांचा राजा समुद्रापलीकडे अमेरिकेच्या इंजिनावर इंग्लंडची बॉडी चढवून घेत होता. यशवंतरावांची आवड उच्च होती हे खरं, पण तिचं बिल शेवटी इंदूरच्या रयतेच्या साऱ्यातून आणि गिरण्यांच्या भोंग्यावर उठणाऱ्या शहरातून भरलं जात होतं, हेही तितकंच खरं.

अशी गाडी घेणं एकवेळ सोपं, सांभाळणं अवघड. ड्युसेनबर्गनं यासाठी एक भन्नाट सोय केली होती. ड्रायव्हरसमोरच्या पॅनलवर, ताशी 150 मैलांपर्यंतच्या स्पीडोमीटरशेजारी, उंची दाखवणारं यंत्र, ब्रेकचा दाब दाखवणारा काटा आणि स्टॉपवॉचसारखं घड्याळ होतंच. त्याशिवाय काही छोटे दिवे होते, आणि ते इंजिनवर चालणाऱ्या एका दातेरी चक्रांच्या डबीला जोडलेले. 700 मैल झाले की एक दिवा लागायचा, इंजिन ऑइल बदला. 1400 मैल झाले की दुसरा लागायचा, बॅटरीतलं पाणी बघा. चासीच्या सांध्यांना वंगण देण्यासाठी खाली शिरायची गरज नाही, ठरावीक अंतर कापलं की पंप आपोआप बारीक नळ्यांतून तेल सोडायचा. आज आपल्या गाडीत सर्व्हिस ड्यूचा दिवा लागतो आणि आपण तो आठवडाभर दुर्लक्षित करतो, त्याचे हे पणजोबा. कॉम्प्युटर नसताना, निव्वळ चाकं आणि दाते वापरून केलेलं काम.

700 मैल म्हणजे साधारण 1125 किलोमीटर. इंदुरातून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यानं मुंबईला जाऊन परत आलं की ऑइल बदलायची वेळ. त्या काळातल्या तेलाची कुवत तेवढीच होती. त्यात भारतीय रस्त्यांची धूळ. वंगणाच्या त्या बारीक नळ्या एकदा तुंबल्या की सांधा कोरडा पडतो आणि ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. 32 व्हॉल्व्हची गॅप जुळवणं हे तर घड्याळजीचं काम. साधा ड्रायव्हर ठेवून भागायचं नाही, यंत्र कळणारा माणूस लागायचा. संस्थानांच्या मोटारखान्यांत अशी माणसं घडली. लेथवर सुटा भाग कातून घेणारे, परदेशी मॅन्युअल समोर नसताना हातानं टायमिंग लावणारे. राजांची नावं गाड्यांना चिकटली, या मिस्त्रींची बहुतेक ठिकाणी नोंदसुद्धा नाही.

आणि इथं नेमका वेळ फिरला. 1937 मध्ये ड्युसेनबर्ग कंपनी बंद पडली. मालक ई. एल. कॉर्ड याचं साम्राज्यच कोसळलं होतं. म्हणजे गाडी नवीकोरी आणि तिला जन्म देणारा कारखाना गेलेला, स्पेअर पार्ट कुठून आणणार?

त्याच वर्षाच्या जुलैमध्ये संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. वय अवघं विशीतलं. मुलगी उषाराजे तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. मॅन रेच्या फोटोंत कॅन्सच्या उन्हात एकमेकांची थट्टा करताना दिसणारं ते जोडपं तुटलं. यशवंतरावांनी ब्रँकुशीकडून एक ध्यानमंदिर बांधून घ्यायचं ठरवलं होतं, त्यात त्याचे तीन पक्षी ठेवायचे होते. ब्रँकुशी त्यासाठी इंदूरला येऊनही गेला. मंदिर झालं नाही. संगमरवरातले काळा आणि पांढरा असे दोन पक्षी आज ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरामधल्या राष्ट्रीय कलादालनात आहेत.

पुढच्या वर्षी त्यांनी मार्गारेट लॉलर या अमेरिकन महिलेशी लग्न केलं, ते टिकलं नाही. 1943 मध्ये युफेमिया क्रेन यांच्याशी तिसरं लग्न झालं. त्यांचे बरेच दिवस अमेरिकेत जाऊ लागले, तब्येतीच्या तक्रारीही होत्या. तिथूनच 1942 मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना जाहीर पत्र लिहिलं, भारताच्या प्रश्नात अमेरिकेनं मध्यस्थी करावी म्हणून. इंग्रजांच्या मर्जीवर गादी टिकवणाऱ्या संस्थानिकानं असं पत्र लिहिणं दिल्लीत कुणाला आवडणार नव्हतं. आवडलंही नाही.

या सगळ्यात त्यांची एक आवड मात्र इंदूरकरांच्या कामी आली, क्रिकेट. होळकर संघासाठी त्यांनी कर्नल सी. के. नायडूंना हाताशी धरलं. मुश्ताक अली, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर हे या संघातून खेळले. 1945 च्या रणजी फायनलमध्ये इंग्लंडच्या डेनिस कॉम्प्टननं मुंबईविरुद्ध होळकरांकडून नाबाद 249 केल्या, तरी मुंबई जिंकली. पण त्यानंतर होळकरांनी 1945-46, 1947-48, 1950-51 आणि 1952-53 अशी चारदा रणजी घेतली. मुंबईला घाम फोडणारा संघ म्हणून जुने क्रिकेटवेडे आजही होळकरांचं नाव घेतात.

1947 मध्ये भोपाळच्या नवाबाच्या नादानं इंदूर बराच काळ कुंपणावर होतं. विलीनीकरणाच्या करारावर यशवंतरावांनी सही केली ती अगदी शेवटच्या घटकेला. 28 मे 1948 ला मध्य भारत राज्य झालं. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, इंदूरचे होळकर उपराजप्रमुख. दोन मराठी घराणी, पिढ्यान्पिढ्यांची चुरस, आणि शेवटी एकाच कागदावर एकाखाली एक. तनखा ठरला वर्षाला 15 लाख रुपये. इंदूर पेअर्स त्याआधीच 1946 मध्ये न्यूयॉर्कचा जवाहिऱ्या हॅरी विन्स्टनकडे गेले होते. 1956 मध्ये मध्य भारत मध्य प्रदेशात विरलं आणि उपराजप्रमुखपदही संपलं.

5 डिसेंबर 1961 ला यशवंतराव मुंबईत वारले, वयाच्या 53 व्या वर्षी. गादीचा वारसा गेला मुलगी उषाराजेंकडे. इंदूरच्या एम. वाय. हॉस्पिटलमधला वाय म्हणजे यशवंतराव, हे तिथं केसपेपर काढायला उभ्या असलेल्या कितीतरी लोकांना माहीत नसतं. माणिकबागेतलं फर्निचर 1980 मध्ये मोनॅकोत लिलावात निघालं, आणि त्या आधुनिक महालात केंद्र सरकारचं करखातं बसलं.

काळी-केशरी ड्युसेनबर्ग पुढं अमेरिकेतल्या संग्राहकांच्या हातात गेली. तिच्या जातीच्या गाड्यांभोवती आज एक वेगळाच वाद चालतो. मूळच्या साध्या मॉडेल जे गाड्यांना नंतर नव्यानं बनवलेले सुपरचार्जर बसवले गेले आहेत, काहींना आजच्या रस्त्यांवर सुखानं चालाव्यात म्हणून ओव्हरड्राइव्ह गिअर लावलेत. चालवणाऱ्याला ते सोयीचं, पण कारखान्यातून सुपरचार्जर घेऊन निघालेली गाडी आणि नंतर चढवलेली गाडी यांच्या किमतीत मोठा फरक पडतो. म्हणून जाणकार आधी बॉनेट उघडतात, इंजिन आणि चासीवरचे कोरलेले नंबर कागदांशी ताडून बघतात आणि मगच रंगाकडे वळतात. जे-585 च्या बाबतीत कारखान्यानं दिलेलं इंजिन, लंडनची बॉडी आणि पहिला मालक, तिन्ही गोष्टी जुळतात.